एक थाप माफ! विज्ञानकथांचा कट्टा चालवायचा असेल तर

डोंबिवली पूर्वेला माझं औषधांचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर खाली ओढलं की वरच्या मजल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कट्टा भरतो. विज्ञानकथा, अद्भुतकथा, त्यावरचे सिनेमे आणि तोंडाला फेस येईपर्यंत वाद, असा एकूण कार्यक्रम. 'आमच्याकडेही असं काही सुरू करायचंय, कसं करू?' असं गिऱ्हाइकं गोळ्यांची पाकिटं घेता घेता विचारतात. प्रत्येकाला काउंटरवरून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माणसं जमवणं अवघड नाही. सात-आठ पुरेत. बाराच्या वर गेलात की दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात. वयं मात्र मिसळलेली हवीत. आमच्याकडे लोकल चालवून निवृत्त झालेले मोटरमनकाका आहेत, नारायण धारप कोळून प्यायलेल्या एक काकू आहेत, गेम बनवणाऱ्या कंपनीतला एक मुलगा आहे आणि नववीतली एक पोरगी आहे, जिला आम्ही सगळे वचकून असतो. चहा मध्येच द्यायचा. शेवटी ठेवलात तर लोक चहाची वाट बघत गप्प बसतात.

सुरुवातीला कादंबरी घेऊ नका. अर्ध्यांनी अर्धीच वाचलेली असते आणि 'शेवट सांगू नका हं' म्हणत ते बाकीच्यांची तोंडं बंद करतात. कथा घ्या, घरून वाचून यायला सांगा आणि तरीही पहिलं पान हॉलमध्ये मोठ्याने वाचा. वाचून न आलेल्याची तेवढ्याने सोय होते. शेवट फोडण्याबद्दल आमचा नियम सरळ आहे: कट्ट्यावर शेवट फुटणारच, ज्याला चालणार नाही त्याने वाचून यावं. (हा लेखही त्याच नियमाने चाललाय, आधीच सांगते.)

आता मुख्य अडचण. विज्ञानकथेवरची चर्चा दोन वाक्यांनी मरते. पहिलं, 'मला आवडली.' बरं, पुढे? दुसरं त्याहून घातक: 'पण हे शक्यच नाही.' हे म्हणणारा बहुधा इंजिनिअर असतो, बरोबरही असतो, आणि तो बोलला की हॉलमधल्या निम्म्या लोकांना आपण काहीतरी बालिश वाचतोय असं वाटायला लागतं.

यावर आमचा उतारा म्हणजे 'एक थाप माफ'. प्रत्येक कथेला एक थाप मारायची मुभा. ती कितीही मोठी असो, तिच्यावर वाद घालायचा नाही. त्यानंतरच्या एकेका ओळीचा मात्र हिशेब मागायचा. म्हणून बैठकीचा पहिला प्रश्न नेहमी हाच: या कथेतली थाप कोणती? ती एका वाक्यात सांगा. सांगताना लोकांची गंमत बघण्यासारखी असते, कारण चौघं चार वेगळ्या थापा सांगतात आणि चर्चा आपोआप सुरू होते. ही कल्पना काही माझी नाही. एच. जी. वेल्सने 1933 साली आपल्या विज्ञानकादंबऱ्यांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली, तिच्यात साधारण हाच मुद्दा आहे. काहीही घडू शकतं असं झालं की कशातच रस उरत नाही. एक अशक्य गोष्ट वाचकाच्या गळी उतरवावी आणि बाकी सगळं घरगुती, रोजचं ठेवावं.

पहिल्या बैठकीला वेल्सचाच अदृश्य माणूस (1897) आणि आपला 'मिस्टर इंडिया' (1987) एकत्र घ्या. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे गप्प कुणीच राहत नाही. दोन्हींतली थाप एकच, माणूस दिसेनासा होतो. मग विचारा, कपड्यांचं काय झालं?

'मिस्टर इंडिया'त हातातल्या यंत्राचं बटण दाबलं की नायक कपड्यांसकट गायब होतो. वेल्सच्या ग्रिफिनचं फक्त शरीर गायब होतं. त्यामुळे त्याला जानेवारीतल्या लंडनमध्ये, बर्फात, अंगावर चिंधी न घेता फिरावं लागतं. ओल्या पावलांचे ठसे उमटतात आणि पोरं त्या ठशांच्या मागे लागतात. जेवावं तर पोटातलं अन्न पचेपर्यंत लोकांना दिसतं. कुत्र्यांना तर त्याचा वास येतोच. आमचा गेमवाला मुलगा म्हणाला की डोळ्याचा पडदा पारदर्शक झाला तर त्यावर प्रतिमा कशी उमटणार, तो आंधळाच व्हायला हवा. शंका रास्त आहे. पण पुस्तक उघडून बघितलं तर वेल्सने तिथेही पाचर मारून ठेवलेली: ग्रिफिनने आधी मांजरावर प्रयोग केला तेव्हा मांजराचे डोळे तेवढे दिसत राहिले, आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतही पडद्यामागे धुक्याहून विरळ रंग उरला.

मग नववीतल्या पोरीने बाँब टाकला. ग्रिफिनने मांजराच्याही आधी पांढऱ्या लोकरी कापडाचा तुकडा गायब करून बघितलेला असतो. म्हणजे कापड अदृश्य होऊ शकतं. मग या शहाण्याने एक पांढरा लोकरी सदरा का नाही शिवून घेतला? अर्धा तास नुसता गोंधळ. मोटरमनकाकांचं म्हणणं, घरमालकाचा ससेमिरा मागे होता, वेळच मिळाला नाही. काकूंचं म्हणणं, तो माणूसच असा की फक्त सत्तेचा विचार करणार, थंडीचा नाही. बघा, विज्ञानावरून सुरू झालेली चर्चा माणसाच्या स्वभावावर आली आणि कुणी ओढून आणली नाही. चांगली बैठक झाली की नाही ते मी यावरून ओळखते.

थाप ठरली की पुढचे प्रश्न ज्याने त्याने आपापल्या धंद्यातून काढावेत. माझा प्रश्न ठरलेला असतो: दुष्परिणाम काय? ज्या औषधाला दुष्परिणामच नाहीत ते बहुधा औषधच नसतं, आणि ज्या शोधाचा कुणालाच त्रास होत नाही त्यावरची कथा मी सहसा अर्ध्यावर ठेवते. मोटरमनकाका विचारतात, यंत्र बंद पडलं की काय करायचं, आणि ते दुरुस्त कोण करतं? या प्रश्नाने किती चकाचक अंतराळयानांची हवा गेलीय म्हणून सांगू. काकू विचारतात, घरात स्वयंपाक कोण करतंय? तिसाव्या शतकातली कथा, ताऱ्याताऱ्यांत ये-जा चालू, आणि चहा बायकोनेच आणायचा! जुन्या मराठी कथांत हे जरा जास्तच सापडतं, इंग्रजीतल्याही काही कमी नाहीत. लेखकाने विज्ञानात दूरचं बघितलं आणि घरात नाही, हे बोलायला हवं. पण लेखकाला झोडपायचं म्हणून बोलू नका. कथा कधी लिहिली ते साल आधी सांगून मग बोला.

मराठी कथांत सुरुवातीला जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. मी तर म्हणेन पहिल्या तीन बैठकांत घ्याच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथे 14 जानेवारी 1761 ला मराठे पानिपत जिंकलेले असतात. थाप फार नेमकी आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निसटून गेली, बस. बोटभर अंतराचा फरक. इथे 'मराठे जिंकले असते तर' म्हणून सगळे एकदम बोलायला लागतात आणि बैठक हातची जाते. हातवारे सुरू होतात, अटकेपार झेंडे लागतात. थोडा वेळ लागू द्या, मग सगळ्यांना कथेकडे परत आणा आणि विचारा, नारळीकरांनी जिंकलेल्या जगात काय काय ठेवलंय? लोक दचकतात, कारण त्या जगातही मुंबईत इंग्रज आहेत, ईस्ट इंडिया कंपनी अजून दुकान मांडून बसलेली आहे. जिंकूनही ते का राहिले? आमच्याकडे यावर दोन तट पडले ते अजून आहेत.

त्याच कथेतली दुसरी जागा मला फार आवडते. आझाद मैदानावर एक सभा चाललेली असते आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती प्रथाच बंद केलेली असते. आपले गंगाधरपंत सवयीने जाऊन त्या खुर्चीत बसतात, भाषण सुरू करतात, आणि लोक त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात. आमच्या कट्ट्याला अध्यक्ष नसण्याचं कारण कुणी विचारलं की मी ही कथा वाचायला देते.

शेवटी गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं फाटलेलं एक पान निघतं, त्या दुसऱ्या जगातलं. त्यावर तासभर बोलता येईल: लेखकाने हा पुरावा का दिला? तो नसता तर कथा स्वप्नाची झाली असती का? नारळीकरांनी तिथे पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) आधाराने स्पष्टीकरणही दिलंय. ते स्पष्टीकरण कथेला लागतं की नाही यावर गेमवाल्याचं आणि माझं अजून पटलेलं नाही. मला विचाराल तर पान पुरे होतं.

अद्भुतकथेला हा नियम लागू होत नाही असं पुष्कळांना वाटतं. 'तिथे काय, जादूच आहे' म्हणतात. उलट तिथे तो जास्त कडक लावावा लागतो, कारण जादूला विज्ञानाची चौकट नसते. चौकट कथेनेच घालून द्यायची आणि मग पाळायची. याचं उदाहरण म्हणून 'तुंबाड' (2018) दाखवा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी या सिनेमाची मूळ प्रेरणा धारपांची एक कथा असल्याचं सांगितलंय, त्यामुळे काकू त्या दिवशी सत्कारमूर्ती असल्यासारख्या बसल्या होत्या. यातल्या हस्तर नावाच्या शापित देवाला सोनं मिळालं, पण अन्न मिळू शकत नाही, म्हणून तो कायम भुकेला. खाली उतरताना पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची, तो खायला आला की सोन्याच्या मुद्रा काढून पळायचं. एवढेच नियम, आणि सिनेमा ते आपल्याला बारकाईने दाखवतो. पुढे बापलेकांना हाव सुटते आणि ते बाहुल्या भरपूर घेऊन जातात. तेव्हा जितक्या बाहुल्या तितके हस्तर! नवीन नियम एकही आलेला नाही, जुनाच नियम शेवटपर्यंत ताणला. हे सिनेमा बघताना अंगावर काटा आणतं आणि बोलताना उलगडतं.

मग हलकं काही हवं तर 'झपाटलेला' (1993) घ्या. हसू नका. तात्या विंचूचा आत्मा रामदास पाध्येंच्या बाहुल्यात शिरतो, तिथवर थाप माफ. पण त्याला लक्ष्याच्याच मागे का लागावं लागतं, याला सिनेमात कारण आहे, आणि ते कारण आठवतंय का हे विचारलंत की हॉलमधला प्रत्येक चाळिशीचा माणूस हात वर करतो.

सिनेमा कट्ट्यावर बसून बघू नका. दोन-अडीच तास त्यातच जातात. घरी बघून यायला सांगा आणि कट्ट्यावर एकच प्रसंग परत लावा. 'इंटरस्टेलर' (2014) घेतलात तर पाण्याच्या ग्रहावरून परतल्यानंतरचा प्रसंग लावा. त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. बाप यानात परत येतो आणि तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एकामागून एक बघतो. पोरं पडद्यावर वाढत जातात. सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न, ज्यांना 2017 साली गुरुत्वीय लहरींच्या कामाबद्दल नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्या लहरी टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायची आहे. हे सांगितलं की मोटरमनकाका खुर्ची पुढे ओढतात.

याच बैठकीत कुणीतरी म्हणणारच, 'हे सगळं आपल्या पुराणांत होतंच.' या वाक्याला घाबरून चर्चा बंद पाडू नका, आणि त्या माणसाला हसू तर अजिबात नका. त्याला म्हणा, गोष्ट सांगा. पूर्ण सांगा. ककुद्मी राजा आपल्या रेवतीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिथे गाणं चाललेलं असतं, ते संपेपर्यंत थांबतो. नंतर ब्रह्मदेव हसून सांगतात, तू मनात धरलेले वर केव्हाच गेले, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. भागवतातली ही कथा. पुढे रेवतीचं बलरामाशी लग्न होतं, आणि विष्णुपुराण म्हणतं की ती जुन्या युगातली म्हणून फार उंच होती, तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून बेताची केली! आता मला सांगा, याहून चोख हिशेब कुठला? काळाची थाप मारली आणि नवरीच्या उंचीपर्यंत तिचे परिणाम आणून पोचवले. या कथेला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा पुरावा म्हणून उभं केलं की भांडण होतं, कथा म्हणून वाचली की सगळे खूश. आमच्याकडे 'इंटरस्टेलर'शेजारी रेवती ठेवल्यावर त्या दिवशी हॉल रिकामा करायला वॉचमनला वर यावं लागलं.

काही लेखक आपली थाप सरळ कबूल करून टाकतात, तेही दाखवा. आर्थर क्लार्क 1956 पासून श्रीलंकेत राहिला. 1979 च्या एका कादंबरीत त्याने जमिनीपासून अंतराळापर्यंत जाणारी लिफ्ट उभारली. तसली लिफ्ट विषुववृत्तावर हवी आणि श्रीलंका तर उत्तरेला. मग याने कादंबरीपुरतं अख्खं बेटच दक्षिणेला आठशे किलोमीटर सरकवलं आणि तसं पुस्तकातच सांगून टाकलं. त्यानंतर दोरीच्या ताणापासून बाकी सगळा हिशेब चोख.

वर्षभर चाललात की कट्ट्यावरचं कुणीतरी स्वतःची कथा आणतंच. इथे जपून. समोर लेखक बसलेला असला की लोक एकतर गोड बोलतात नाहीतर हिशेब चुकते करतात. तेव्हा नाव झाकून कथा वाचा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. मागून कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातची लिहिलेली. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या नावाचं वजन काढून ठेवावंसं वाटलं, तर आपण कोण! आमच्यात सगळ्यांच्या कथा मीच टाइप करून, एकाच अक्षरात, नाव न घालता वाटते. तरी काकूंची ओळखू येते, पहिल्याच पानावर पाऊस आणि कंदील असतो.

आता संमेलनांविषयी थोडं, कारण कट्टा जमला की पोरं 'कॉमिक कॉनला जाऊ या' म्हणतातच. आपल्याकडे कॉमिक कॉन 2011 साली दिल्लीत सुरू झालं, आता मुंबईतही भरतं. गर्दी भयंकर, म्हणून लोकलने जा आणि पाण्याची बाटली न्या. खरेदीचं बजेट घरीच ठरवा. कॉसप्ले करणाऱ्यांचे, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून आलेल्यांचे, फोटो काढायचे तर आधी विचारा, वेशाला हात लावायचा तर नक्कीच विचारा. बोलायला सुरुवात करायची उत्तम जागा म्हणजे 'हे बनवलंत कशाचं?' आमच्या नववीतल्या पोरीने फोमशीट, हेअर ड्रायर आणि चंदेरी रंग घेऊन चिलखत केलं. तिच्या वडिलांचा हात गणपतीच्या मखरांवर बसलेला, त्यामुळे सांधे कसे लपवायचे ते त्यांना ठाऊक होतं. त्या एका चिलखताने तिला दिवसभरात जितकी माणसं बोलती केली तितकी मी पुस्तक हातात धरून केली नसती.

एक गोष्ट मात्र तिथे मला खटकते. मुलीच्या अंगावर एखाद्या सुपरहिरोचा टीशर्ट दिसला की कुणीतरी तिची तोंडी परीक्षा घ्यायला येतो, अमुक अंकात काय झालं सांग. हे करू नका, कुणी करत असेल तर मध्ये पडा. आणि व्यासपीठावरच्या लेखकाला प्रश्न विचारायला माइक मिळाला तर प्रश्न विचारा. 'प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलतो' या आपल्या राष्ट्रीय सवयीला तिथे तरी आवर घाला.

परदेशात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून वर्ल्डकॉनची, म्हणजे विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनाची, माहिती काढा. 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं भरलं आणि आजही ते वाचकच चालवतात, बिनपगारी. 1953 पासून दिले जाणारे विज्ञानकथांचे ह्यूगो पुरस्कारही तिथले सभासद मत देऊन ठरवतात, परीक्षक मंडळ नाही. हे ऐकल्यावर आम्ही लगेच आमच्या कट्ट्यावर मतदान सुरू केलं. दर डिसेंबरला वर्षभरातल्या सगळ्या कथांची नावं फळ्यावर लिहितो, प्रत्येकाला एक चिठ्ठी, मोजणी मोटरमनकाकांकडे. गेल्या खेपेला दोन कथांना सारखी मतं पडली आणि फेरमतदानाच्या आधी दोन्ही बाजूंनी माझ्या दुकानात येऊन प्रचार केला. तेव्हा मतदान ठेवणार असाल तर बरोबरीचा नियम आधी लिहून घ्या. आमचा आता असा आहे: बरोबरी झाली की ज्या कथेतली थाप मोठी, ती जिंकली. आणि मोठी कुठली, हे ठरवायला पुढचा रविवार राखून ठेवायचा.